आरपार गेलेली गोळी

ताउनो चाचणीत नापास झाला, आणि संध्याकाळच्या आत ते गावभर झालं. मूसच्या, त्या प्रचंड रानहरणाच्या, शिकारीला जायचं तर दर तीन वर्षांनी ही चाचणी द्यावीच लागते. फळीवर घोड्याहून उंच असा मूस रंगवलेला, त्याच्या फुप्फुसांवर एक वर्तुळ आणि तुमच्याकडे चार गोळ्या. चारही वर्तुळात गेल्या पाहिजेत. ताउनोच्या दोन आत गेल्या, एक पोटात लागली आणि एक फळीलाच लागली नाही. त्यानं बंदूक उघडून रिकामी केली, परीक्षक बाईंना मान लववली आणि भावाच्या गाडीत जाऊन बसला.

"उजव्या डोळ्यापुढं मधोमध डाग आलाय रे, डाव्यापुढंही येऊ लागलाय," गाडी हमरस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. "बर्फ वितळायच्या सुमारास सुरू झालं. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडं बघावं तेवढंच दिसत नाही."

"बोलला का नाहीस?" इल्मोनं विचारलं.

"काय बोलायचं? पुन्हा चाचणी दे म्हणाल्या त्या. नको. पोटात गोळी लागलेला मूस दोन-दोन दिवस मरत पडतो दलदलीत. ते माझ्या हातून नको."

ताउनो इल्मोहून अकरा वर्षांनी मोठा. वडील नदीवर लाकडाचे ओंडके सोडायच्या कामावर महिनोन्‌महिने बाहेर असत, त्यामुळे इल्मोला मासे धरायला, बर्फात चालायला आणि बंदूक चालवायला ताउनोनंच शिकवलं होतं. "डोक्यावर नाही मारायचं, मानेवर नाही मारायचं," तो म्हणायचा. "उगाच शूरपणा नको. पुढचा पाय अंगाला मिळतो त्याच्या जरासं मागं, आणि खाली. तिथं दोन्ही फुप्फुसं असतात. त्याला कळायच्या आत संपतं." आणि दुसरी गोष्ट, जी तो त्याहून जास्त वेळा सांगायचा: "कुत्रं कुठं आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर ठेवायचं नाही."

ताउनोनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर तळ्याकाठच्या जुन्या घरात तो एकटाच राहिला. एकटा म्हणजे कुत्र्यांसह. एकामागून एक पाच झाली. शेवटची तुइस्कू, करड्या रंगाची, शेपटीचं वेटोळं पाठीवर टाकलेली कुत्री. तिचं नाव उडत्या बर्फावरून ठेवलेलं. मूस हुडकायचा आणि शिकारी येईपर्यंत त्याला भुंकून भुंकून एका जागी खिळवून ठेवायचं, हे तिचं काम. तिच्यासारखं ते काम करणारं कुत्रं कुहमो शहराच्या अलीकडं नव्हतं. घरात मात्र ती बाईसाहेब होती. ताउनोच्या पलंगावर भिंतीच्या बाजूला झोपायची आणि त्याला कडेला ढकलायची. "बायको नाही केली तरी ऐकून घ्यायचं चुकलं नाही," असं तो लोकांना सांगायचा.

नापास झाल्यावर गावाला वाटलं होतं की म्हातारा आता घरी बसेल. पण शिकारी मंडळाची प्रमुख रौनी, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली दणकट बाई, स्वतः त्याच्या दारात आली. "बंदूक नसली तर नसली. कुत्री कोण सोडणार? तुइस्कू माझं ऐकते होय?" ताउनो हसला. मग ठरलं ते असं, की ताउनोनं कुत्री सोडायची आणि तिनं मूस अडवला की गोळी इल्मोनं घालायची.

त्याच उन्हाळ्यात इल्मोच्या मुलीला, नोराला, दिवस गेले. नोरा शहरात दवाखान्यात नर्स होती. जुलैत आली तेव्हा आईनं, आइरानं, फ्रीजरमधलं मूसचं मांस काढून शिजवायला घेतलं, तर ही म्हणाली, "मी नाही खाणार."

"का गं? लहानपणापासून याच्यावर वाढलीस."

"शिशामुळे, आई. गोळी आत फुटते ना, तिचा चुरा जखमेपासून वीतभर लांब मांसात जातो. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. बाळाच्या मेंदूला वाईट असतं ते."

आइरानं नवऱ्याकडे पाहिलं. इल्मो दुसऱ्याच आठवड्यात तांब्याच्या गोळ्यांच्या दोन पेट्या घेऊन आला. नातवंड होणार होतं घरात. त्यात विचार कसला करायचा?

ऑगस्टमध्ये दोघं भाऊ नव्या गोळ्या मारून बघायला खडीच्या खाणीत गेले. ताउनोनं भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे एकामागे एक लावून ठेवले होते. आधी त्याच्या जुन्या शिशाच्या गोळीची पाळी. ती आत गेली, अळंबीसारखी फुलली आणि अर्ध्या वाटेत थांबली. ताउनोनं ती खणून काढून तळहातावर धरली. "हे बघ. मूसच्या आत जाते, सगळं काम करते आणि पलीकडच्या कातड्याला टेकून गप्प बसते. शहाणी बाई."

मग इल्मोची तांब्याची गोळी. ती सगळे गठ्ठे ओलांडून मागच्या वाळूत घुसली. बऱ्याच उकराउकरीनंतर सापडली. तोंडाशी फुलासारख्या चार पाकळ्या उघडलेल्या, वजन जवळजवळ होतं तेवढंच.

"ही थांबतच नाही की रे!" ताउनो मोठ्यानं हसला. "तू इथं मूस मारशील आणि सीमेपलीकडं रशियात कुणाची तरी खिडकी फुटेल!"

इल्मोही हसला. तुइस्कू वाळूत लोळत होती.

तो दिवस ऑक्टोबरातला, पहिलं बर्फ अजून पडायचं होतं. पहाटे दहिवर गोठून दलदलीतलं गवत कडक झालेलं. ताउनोनं तुइस्कूच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा अडकवला, कपाळ तिच्या कपाळाला लावून नेहमीसारखं काहीतरी पुटपुटला आणि तिला सोडलं. ती स्प्रूसच्या झाडीत दिसेनाशी झाली. फोनच्या पडद्यावर तिचा लाल ठिपका पळू लागला. ताउनो फोन डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघत होता. पट्टा ती कुठं आहे ते दाखवायचाच, शिवाय मिनिटाला किती वेळा भुंकते तेही दाखवायचा.

कॉफी प्यायचीही उसंत मिळाली नाही. ठिपका दलदलीपलीकडच्या टेकाडापाशी थांबला आणि आकडा चढू लागला.

"धरला!" ताउनोचा चेहरा उजळला. "उभा केलाय तिनं. जा, वारा बघून जा. ओढ्याकडून. मी इथंच थांबतो, दोघांचा आवाज नको."

इल्मो ओढ्याच्या कडेनं वाकून वाकून गेला. भुंकणं जवळ येत गेलं, घंटेसारखं एका लयीत. शेवटचा पल्ला तो रांगत गेला. एका पडलेल्या पाइनच्या बुंध्याआडून त्यानं डोकं वर काढलं, आणि समोर मूस होता. मोठा नर, मानेचे केस उभे, शिंगं खाली रोखलेली. तुइस्कू त्याच्या तोंडासमोर होती. पुढं झेपावून भुंकत होती, मागं सरत होती, पुन्हा झेपावत होती. मूस तिरका उभा होता. इल्मोनं बंदूक बुंध्यावर टेकवली आणि थांबला. कुत्री दिसत होती. डावीकडं, डोक्याच्या बाजूला.

मग मूसनं शिंगं हलवून एक पाऊल टाकलं आणि पुरता आडवा झाला. पुढचा पाय पुढं आला. ती जागा उघडी पडली. एवढी सरळ, एवढी स्वच्छ संधी माणसाला आयुष्यात थोड्याच वेळा मिळते. इल्मोनं श्वास सोडला आणि गोळी घातली.

मूस धडपडत थोडा पुढं गेला आणि कोसळला. त्याच्यानंतर सगळं शांत झालं. इल्मो दुसरी गोळी भरून उभा राहिला आणि वाट बघू लागला की आता तुइस्कू धावत येऊन मूसच्या अंगावर चढेल, त्याचे केस दातांनी उपटेल. दरवेळी ती तसंच करायची.

ती आली नाही.

तो मूस जिथं उभा होता तिथं गेला. पलीकडं लहान स्प्रूसची दाट झाडी होती. मूसनं पाऊल टाकलं तशी तीही फिरून त्याच्या मागं, त्या झाडीत गेली असावी. कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते, जीभ दातांतून जराशी बाहेर. इल्मोनं गुडघे टेकून तिच्या बरगड्यांखाली हात घातला. अंग गरम होतं. हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत लाल.

खांद्यावरच्या वॉकीटॉकीत ताउनोचा आवाज आला. आनंदानं भरलेला.

"पडला ना? पडलाच असणार. भुंकणं थांबलं आणि ठिपका जागचा हलत नाहीय. बसली असेल केस उपटत. पोट बिघडेल म्हणावं तिला! इल्मो? ऐकतोयस?"

इल्मोनं बटण दाबलं. मग त्यानं बोट काढलं.

"इल्मो? केवढा आहे रे? बोल की."

"ताउनो," तो कसाबसा म्हणाला. "तू ये इकडं."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "येतो."

दलदल ओलांडून यायला वेळ लागतो. तेवढा वेळ इल्मो तिच्याजवळ बसून राहिला. तिला झाडीतून बाहेर आणून कोरड्या शेवाळावर ठेवावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, हात लावू नये. मग त्यानं तिला आणलंच. अंगातला कोट काढून खाली पसरला आणि वर तिला ठेवलं.

ताउनो आला तो आधी मूसपाशी थांबला. का कोण जाणे, पण आधी तिथंच थांबला. वाकून जखम बघितली, बोटानं चाचपली. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तिथली जखम बघितली.

"जागा बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन्ही फुप्फुसं. याहून चांगली कुणी मारू शकत नाही."

मग तो कोटापाशी आला, खाली बसला आणि तुइस्कूचं डोकं मांडीवर घेतलं. कान सरळ केला. गळपट्ट्यावरचा दिवा अजून लुकलुकत होता. तो बंद करायला त्याला बटण सापडेना. मधोमध डाग होता ना डोळ्यापुढं. इल्मो पुढं झाला.

"मी करतो," ताउनो म्हणाला. चाचपत चाचपत त्यानं तो बंद केला.

"ती समोर होती ताउनो. मी बघितली होती. समोर होती. मग तो वळला, आणि मी… मी पुन्हा नाही बघितलं."

ताउनो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. लवेच्या दिशेनं, शेपटीपर्यंत.

"दरवेळी एवढंच बघायचो मी," इल्मो म्हणाला. "तीस वर्षं असंच मारलं. गोळी आतच राहायची, म्हणून कधी कळलं नाही."

"मांस खराब होईल," ताउनो म्हणाला. "चल, पोट उघडू या."

मेलेल्या मूसचं पोट वेळेत उघडलं नाही तर आत उष्णता कोंडते, म्हणून ते करावंच लागतं. दोघांनी ते केलं. एकानं पाय धरायचा, दुसऱ्यानं चाकू चालवायचा, जसं ते आजवर करत आले होते. वाफ निघत होती. ताउनोनं आतून काळीज काढलं, नेहमीसारखा टोकाकडचा एक तुकडा कापला आणि तो हातात घेऊन मागं वळला. तिला शीळ घालायला त्यानं ओठांचा चंबूही केला होता.

तो तुकडा तसाच हातात धरून उभा राहिला. मग इल्मोनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भावाला रडताना पाहिलं. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. आता तोंड झाकून नाही, पाठ फिरवून नाही. हातात मांसाचा तुकडा घेऊन उभ्या उभ्या, लहान मूल रडतं तसा मोठ्यानं रडला.

तुइस्कूला त्यांनी तळ्याकाठी भूर्जांच्या झाडांत पुरलं. खड्डा ताउनोनंच खणला, फावडं कुणाला दिलं नाही. रौनी आली होती, मंडळातले इतर आले होते, टोप्या हातात घेऊन उभे होते. "असं कुणाच्याही हातून होऊ शकतं," रौनी इल्मोला म्हणाली. त्याला ते नको होतं. कुणीतरी त्याला शिव्या घालाव्यात असं त्याला वाटत होतं, आणि ते कुणीच करेना.

बातमी नोराला कळली ती आईकडून. रविवारी ती बस पकडून आली आणि बापाकडं न थांबता थेट तळ्याकाठच्या घरी गेली. इल्मो मागोमाग गेला आणि पायरीवर थांबला. दार उघडंच होतं.

"काका, माझ्यामुळं झालं. मीच सांगितलं बाबाला गोळ्या बदलायला."

"बस आधी. अशा अंगानं उभी राहू नकोस," ताउनोचा आवाज. "कॉफी पितेस की तीही बंद?"

"काका, ऐका ना…"

"तू बरोबर सांगितलंस. लेकराच्या पोटात शिसं कशाला जायला पाहिजे? तुझ्या बापानंही बरोबर केलं." कप ठेवल्याचा आवाज झाला. "मला माहीत होतं, नोरा. खाणीत मी डोळ्यांनी बघितलं ती आरपार जाते. कुत्री माझी. 'अरे, मागचं बघ, आता मागचं बघायला पाहिजे,' एवढं मला सांगता आलं असतं त्याला. मी थट्टा केली."

बाहेर इल्मोनं कठडा धरला. आत जावं आणि म्हणावं, नाही, तुझं काही नाही त्यात. पण तो पायरीवरच राहिला. नोरा बाहेर आली तेव्हा दोघं तसेच घरी गेले.

हिवाळाभर इल्मो रोज संध्याकाळी भावाकडं जायचा. लाकडं आत आणून ठेवायचा, अंगणातलं बर्फ बाजूला करायचा. ताउनो त्याला ये म्हणायचा, कॉफी ओतायचा, काळा पाव पुढं सरकवायचा. टीव्हीवर बातम्या लागलेल्या असायच्या. एकदा इल्मो आला तेव्हा ताउनो थंडीत दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभा होता. "काय करतोयस?" विचारलं तर गोंधळून म्हणाला, "तिला बाहेर सोडायची वेळ झाली ना," आणि दार लावून घेतलं. पलंगावर तो अजूनही कडेलाच झोपत होता. भिंतीकडची चादर इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत.

फेब्रुवारीत नोराला मुलगा झाला. मार्चमध्ये इल्मोनं एका ओळखीच्या माणसाकडं तुइस्कूच्या जातीची पिल्लं झाल्याचं ऐकलं आणि भीत भीत विषय काढला.

"चांगल्या घरचं आहे. आई कामाची आहे."

"मी सत्त्याहत्तरचा आहे रे," ताउनो म्हणाला. "कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. मी गेल्यावर ते दारात बसून राहील. तेवढं पाप नको."

पुढच्या शरदात मंडळाकडं कुत्रं नव्हतं. रौनीनं ठरवलं की जुन्या पद्धतीनं हाकारा घालायचा: काहीजणांनी आरोळ्या देत जंगलातून चालायचं आणि पुढं वाटेवर बंदुकीवाल्यांनी थांबायचं. हाकारा घालणाऱ्यांत ताउनोनं आपणहून नाव दिलं. इल्मोला यायचंच नव्हतं, पण आइरा म्हणाली, "तो चाललाय आणि तू घरी बसणार?" म्हणून आला.

त्याला दलदलीच्या कडेची जागा मिळाली. धुकं विरत होतं. बऱ्याच वेळानं हाकारा सुरू झाला. लांबून आवाज येऊ लागले आणि त्यांत एक आवाज त्यानं लगेच ओळखला. म्हातारा, चिरका, मधेच दम लागून तुटणारा. "होओ! होओ!" ताउनो झाडाझाडांतून एकटा ओरडत येत होता.

मूस आला तो एकाएकी, आवाज न करता. एक तरुण नर झाडीतून निघाला, इल्मोला ओलांडून गेला आणि दलदलीत जाऊन आडवा थांबला. मागं मैलभर मोकळी दलदल. हाकारा घालणारे पार दुसऱ्या बाजूला. इल्मोनं बंदूक उचलली. मागचं बघितलं. पुन्हा बघितलं. काही नव्हतं. तिसऱ्यांदा बघितलं. पाठीमागून "होओ!" आली आणि त्यानं बंदूक खाली केली. मूस चालत चालत निघून गेला.

जरा वेळानं फांद्या मोडत ताउनो बाहेर आला. नारिंगी जाकीट, टोपीला पाइनचे काटे अडकलेले, छाती वरखाली होत असलेली.

"इकडूनच आला ना?"

"हो."

"बार ऐकू नाही आला."

"नाही मारली."

"दिसला नाही?"

"दिसला. आडवा होता. मागं मोकळं होतं. सगळं बरोबर होतं." इल्मो खाली बघत होता. "तुझा आवाज येत होता."

ताउनो ओल्या बुंध्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एकदा शिवी दे मला," इल्मो म्हणाला. "वर्ष झालं. एकदा तरी रागव. काहीतरी बोल."

"रागावून कसं चालेल?" ताउनो म्हणाला. आवाज साधा होता, हवापाण्याचं बोलावं तसा. "तुझ्यावर रागावलो तर संध्याकाळी कोण येईल माझ्याकडं?"

इल्मो त्याच्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला, तो कुणी काढून घेतला नाही.

वॉकीटॉकी खरखरला. रौनी सगळ्यांना विचारत होती, "कुणाच्या पुढ्यात आला का? इल्मो, तुझ्याकडं?"

इल्मोनं हात पुढं केला, पण ताउनोनं आधी बटण दाबलं. "इकडं काही आलं नाही," तो म्हणाला. मग कमरेवर हात देऊन उठला. "चल. शेकोटी पेटली असेल त्यांची."

इल्मोनं बंदूक रिकामी केली आणि दोघं वाटेनं निघाले, ताउनो पुढं, तो मागं. ज्याच्याकडं बघावं ते ताउनोला दिसत नसल्यामुळं तो मुळांना अडखळत होता, आणि दोनदा इल्मोनं त्याचा दंड धरला.